येणे बाकी

उमरेड रोड सोडून कुहीकडे वळलो की
मी गिऱ्हेपुंजेबाईंच्या वावराजवळून जात नाही आता.
कालव्याच्या पाळीवरून जातो, चार किलोमीटर जास्त.
पेट्रोल माझं.
प्रवासभत्ता जानेवारीपासून माझाही अडकलेला.

तीन वर्षांपूर्वी ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर
ओल्या पोत्यात बांधून खेपा करून नेली होती रोपं,
करंज चाळीस, कडुनिंब पंचवीस, बेहडा दहा,
आणि मीच सांगितलं होतं, कृषी सहायक म्हणून,
बाई, धुरा पेटवू नका, धुऱ्यावर फवारू नका,
गवत राहू द्या, पाखरं येतील, माश्या येतील,
जगलेल्या झाडामागे पैसे,
पहिला हप्ता मार्चमध्ये.

त्यांनी एवढंच विचारलं होतं,
कोण्या सालच्या?
मी हसलो होतो.

त्यांनी रोपांच्या बुडाशी मडकी पुरली.
मे महिन्यात बोडीवरून रोज बारा खेपा पाणी.
बकऱ्यांशी भांडल्या, बकऱ्या राखणाऱ्या सोनबाशी भांडल्या,
पऱ्हाटीवर बोंडअळी आली तेव्हा
गावभर पंप घुमत होते,
ह्यांच्या धुऱ्यावर औषधाचा थेंब नाही.
पंच्याहत्तरातली एकाहत्तर जगली.
माझ्या अख्ख्या सर्कलमध्ये कोणाची इतकी नाहीत.

मग फोटो. प्रत्येक झाडाशेजारी लाभार्थी उभा,
खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ.
एकाहत्तर वेळा त्या उभ्या राहिल्या,
एकाहत्तर वेळा पदर सारखा केला,
कारण फोटो सरकारात जाणार होता.

सिव्हिल लाइन्सच्या कार्यालयात
ढोमणेसाहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवला.
जुळत नाहीत म्हणाले.
पहिल्या फोटोत रोप बाईच्या गुडघ्याला,
दुसऱ्यात बाई झाडाच्या कमरेला.
सिस्टीम म्हणते, ही ती झाडं नव्हेत.
सर, वाढली, मी म्हणालो.
ते खरंच विचारात पडले थोडा वेळ,
वाईट माणूस नाही तो.
म्हणाले, वाढलेलं कुठे भरायचं?
रकाना नाही.

परवा कालव्याची पाळ खचली
आणि जुन्याच वाटेने यावं लागलं.
त्या धुऱ्यावर बसल्या होत्या, करंजाखाली,
वर हातभर मोहोळ लागलेलं.
काहून जी, कालव्यानं जाता म्हणे आजकाल?

मी अनुदानाचं काहीतरी पुटपुटलो.
त्यांनी पिशवीतून वही काढली, नातवाची,
पुढच्या पानांवर पाढे,
मागून उघडली तर जाड अक्षरात
*सरकार. येणे बाकी.*
खाली मडकी, खेपा, सोनबाच्या बकरीला मारलेला दगड
आणि त्याच्या भरपाईचे दीडशे रुपये.

मायावर कोणाचा छदाम नाई, त्या म्हणाल्या,
ना सोसायटीचा, ना बँकेचा.
येवढं मोठं सरकार, मायाजवळून उसनं घेऊन गेलं
आन् तोंड चुकवून कालव्यानं फिरते.

सरकार म्हणजे त्या क्षणी
मीच होतो तिथे, दुसरं कोणी नव्हतं.
सही करा म्हणाल्या.
केली. पूर्ण नाव, हुद्दा, तारीख.
शिक्का नाही आणला का?
नाही आणला.

चहा झाला. मोहोळाखालून जरा सरकून बसलो.
मी गाडीला किक मारणार तेवढ्यात
हाक आली, थांबा,
मेलेल्या बेहड्यातला एक बुडातून फुटला हाये,
त्याचा काढा.

फोन काढला. रेंज नव्हती.
त्या जाऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.
बेहडा त्यांच्या घोट्याएवढा, चार पानं,
एक किड्याने खाल्लेलं.

हा जुळंन पाहा, त्या म्हणाल्या,
लहान हाये अजून.